दुप्पट भरलेल्या कुप्या

मदिना आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. धुळ्यात या बाजूला पूर्वी दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असायचा. तिचा नवरा नासीर त्यातल्याच एका कारखान्यात होता. कापसाची धूळ छातीत बसून पंचेचाळिशीतच दम्यानं तो घरी बसला, आणि मदिना कामासाठी बाहेर पडली. आठवी शिकलेली बाई. लहानमोठे सगळे तिला आपा म्हणतात. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, लोकांचे अर्ज-तक्रारी लिहून देतो. तिचा अर्जही मीच लिहिला, म्हणून हे सगळं मला तिच्या तोंडून कळलं आहे.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक लांबट शेड आहे. बाहेरून डाळीचं गोदाम वाटावं अशी. मालक मनन, त्याच्या घराण्याचा जळगावात तीन पिढ्यांचा डाळीचा व्यापार. त्याची बायको हिना पुण्यात प्रथिनांवर संशोधन करून आलेली. लग्नानंतर नुसतं घरात बसायचं नाही या अटीवरच ती आली होती म्हणे. तिच्यासाठी ही प्रयोगशाळा उभी राहिली. मदिना तिथं सहा वर्षं कामाला होती. काचेची भांडी धुणं, टाकीतला गाळ तोलणं, कुप्या भरणं आणि त्यांवर लेबल लावणं, ही तिची कामं.

तिथं काय बनतं हे तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. हिनानं सरळ सांगितलं, "माणसाच्या हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. ट्रोपोनिन म्हणतात त्याला."

"तौबा! माणसाच्या काळजातून काढता?"

"नाही आपा. ते कसं बनवायचं याची कृती प्रत्येकाच्या शरीरात लिहिलेली असते. ती कृती आम्ही जंतूंच्या पोटात घालतो. जंतू टाकीत वाढतात आणि माणसाचं प्रथिन बनवून देतात. हृदय ठणठणीत असलं की हे स्नायूतच राहतं. स्नायू मरायला लागला की रक्तात गळतं. रक्तात किती गळलं ते मोजलं की झटका आलाय का ते कळतं. पण मोजायचं तर आधी माप पाहिजे. ते माप आपण बनवतो. संशोधन करणाऱ्यांसाठी."

लेबलवरही तसंच होतं: फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी, रुग्णांच्या तपासणीसाठी नाही. हजारो लेबलं मदिनानं आपल्या हातानं चिकटवली. टाकीचा आंबूस वास तिच्या ओढणीला कायम असायचा. नासीर कुरकुर करायचा, पण ती म्हणायची, कापसाच्या धुळीपेक्षा हे बरं.

गेल्या जानेवारीत सत्तेचाळीस नंबरचा लॉट निघाला. त्या दिवसांत हिनाची सासू कुसुमलता ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. हिना दिवसा प्रयोगशाळेत आणि बाकी सगळा वेळ सासूच्या उशाशी. डोळे तांबारलेले. त्यात जळगावच्या एका कंपनीला माल त्याच आठवड्यात हवा होता.

कुप्या भरायला घेतल्या तेव्हा हिनानं कागदावर लिहून दिलं, प्रत्येक कुपीत नेहमीच्या दुप्पट भरा. मदिनानं भरल्या. शंभर कुप्या झाल्या आणि भांडं रिकामं झालं.

ती हिनाकडे गेली. "मॅडम, दर वेळी दोनशेच्या आसपास होतात. आज शंभरच."

"उतारा कमी आलाय आपा. या वेळी पाणचट आहे, म्हणून प्रत्येकीत जास्त भरावं लागलं."

"जंतूंचा गाळ तर तेवढाच होता. मीच तोलला. पीठ तेवढंच मळलं तर भाकरी अर्ध्या कशा?"

हिना थकलेली होती, पण चिडली नाही. "मशीननं मोजलंय. मशीनचा आकडा कमी आलाय."

मदिना परत जागेवर आली. भांडं धुताना तिनं तळाशी उरलेलं पाणी हलवून पाहिलं. प्रथिन जास्त असलं की फेस जास्त येतो, हे सहा वर्षांत तिच्या डोळ्यांना कळलं होतं. फेस नेहमीसारखा दाट होता. पाणचट मालाला असा फेस येत नाही. तरी तिनं भांडं धुऊन पालथं घातलं. पुण्याहून शिकून आलेल्या बाईला आपण दुसऱ्यांदा काय सांगायचं, असं तिला वाटलं.

"सर, इथं लिहा," ती मला म्हणाली होती. "लिहा की मी एकदाच बोलले. दुसऱ्यांदा बोलले नाही."

माल पोचवायला वना यायचा. नरडाण्याजवळच्याच खेड्यातला, पन्नाशीचा, स्वतःची छोटी व्हॅन चालवणारा. बर्फाचा डबा नरडाण्याहून जळगावला न्यायचा आणि परत येताना जे भाडं मिळेल ते घ्यायचा. फेब्रुवारीत एकदा दुपारी शेडबाहेरच्या निंबाखाली डबे उघडून सगळे जेवत होते. वना म्हणाला, "आपा, तुमना माल तं दवाखानामा जास."

"दवाखान्यात? आमचा माल संशोधनाचा आहे, वनाभाऊ."

"माले काय माहीत? मी डबा देस जळगावले. तठे त्या हार्ट अटॅकनी तपासणीना खोका बनावतंस. मंग मालेच भाडं देतंस. भुसावळ, दीपनगर, सावदा. बठ्ठा दवाखाना मीच फिरस."

जेवण तसंच झाकून मदिना हिनाकडे गेली. हिनानं ऐकलं, मननला फोन लावला, दोन-तीन वाक्यं बोलली आणि फोन ठेवला. "जळगावचे लोक आपला माल आधी त्यांच्याकडच्या जुन्या मापाशी ताडून बघतात म्हणे. काळजी नको." पण हे सांगताना ती मदिनाकडे बघत नव्हती.

"मॅडम, एका कुपीतून किती माणसांच्या तपासण्यांचं माप बनतं?"

"हजारोंच्या," हिना म्हणाली.

त्या दिवसापासून मदिनाची झोप उडाली. नासीरनं विचारलं तर म्हणायची, उकडतंय. खरं तर अजून पंखे लावायचे दिवस आले नव्हते.

मार्चच्या मधोमध एका सकाळी वना नेहमीपेक्षा उशिरा आला. व्हॅनमधून उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. तोंड राखेसारखं. मदिना अंगणात भांडी वाळत घालत होती.

"काय झालं वनाभाऊ?"

"काही नही. गॅस शे." तो हसला. "काल सावद्याले खोका उतारतांना छातीवर कोनी बसनं अशी वाटनं. डावा हात जड. घाम असा, जसा कोनी घागर वतनी. तठेच दवाखाना व्हता, त्यासनी रगत तपासं. नॉर्मल शे म्हने. गोया दिन्यात, घर जा म्हने."

"कागद दाखवा."

खिशातून घडी केलेला कागद निघाला. मदिनाला इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता येत होती. लेबलांनी तेवढं शिकवलं होतं. आकडा होता सव्वीस. पुढे लिहिलं होतं, चाळीसच्या आत नॉर्मल. आणि खाली बारीक अक्षरांत तपासणी बनवणाऱ्या कंपनीचं नाव. तेच, जळगावचं.

तिनं त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं, आणि कागद घेऊन धावत आत गेली.

"मॅडम, सत्तेचाळीसमधली ठेवणीतली कुपी काढा. आत्ता काढा. माझ्यासमोर मोजा."

प्रत्येक लॉटमधल्या दोन कुप्या बाजूला ठेवायची पद्धत होती. हिनानं कागद पाहिला, खिडकीतून बाहेर बसलेल्या वनाकडे पाहिलं. आधी तिनं मननला बोलावून गाडी काढायला लावली आणि वनाला धुळ्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वना नको नको म्हणत होता, गाडीत पाय ठेवायलाही तयार नव्हता. "कागद नॉर्मल शे ना," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी मदिनानं त्याचा हात धरून त्याला बसवलं.

मग हिनानं कुपीतली वाळवून ठेवलेली भुकटी विरघळवली आणि मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. तिन्ही वेळा आकडा लेबलवरच्या आकड्याच्या दुप्पट आला.

ती वही काढून जानेवारीचं पान शोधू लागली. तिचंच अक्षर. एका ओळीत लिहिलेलं, मोजण्यापूर्वी निम्मं पाणी घातलं. खालच्या ओळीत मशीनचा आकडा, जसाच्या तसा.

"इथं दोननं गुणायचं होतं," हिना म्हणाली. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली.

"म्हणजे काय झालं, मॅडम? मला समजेल असं सांगा."

"समजा किलोचं वजन आहे. वर एक किलो लिहिलंय, पण आतून ते दोन किलोचं आहे. समोर दोन किलो साखर टाकली तरी तराजू सांगणार एकच किलो. वनाभाऊंचं सव्वीस म्हणजे खरं बावन्न."

"आणि चाळीसच्या वर गेलं की?"

"ठेवून घेतात. घरी सोडत नाहीत."

हिना रडली नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतंत मला."

धुळ्याच्या डॉक्टरांनी वनाला आत घेतलं तेव्हा तो चालत होता. तासाभरात स्ट्रेचरवर होता. तिथल्या दुसऱ्या कंपनीच्या तपासणीत आकडा नऊशेच्या वर गेला होता. एका दिवसात वाढलाही असेल, डॉक्टर म्हणाले, पण काल पहिल्यांदा दाखवलं तेव्हाच याला ठेवून घ्यायला पाहिजे होतं. वना वाचला. निम्मं हृदय निकामी झालं. व्हॅन चालवणं संपलं.

मनन मात्र एकच गोष्ट धरून बसला. "लेबलवर स्पष्ट लिहिलंय. माणसांसाठी वापरू नका. त्यांनी वापरलं, न ताडता वापरलं. चूक त्यांची." त्यानं जळगावला फोन केला. तिकडून उत्तर आलं, बघतो. हिनानं लॉटच्या नंबरासकट पत्र पाठवलं, त्याला उत्तरच नाही. पंधरा दिवसांनी दवाखान्यांतले खोके गुपचूप बदलले गेले. मुदत संपत आली म्हणून, असं सांगून. ज्यांच्या तपासण्या झाल्या होत्या त्यांना कोणी एक शब्द कळवला नाही.

मदिना वनाला भेटायला जायची. खाटेवर पडून तो छताकडे बघायचा. एक दिवस म्हणाला, "आपा, त्या दिन सावद्याले बाकवर मना शेजारे एक जन व्हता. जीवराम. केळीना ट्रक भरस. त्याले बी तसंच दुखत व्हतं. त्याले बी नॉर्मल म्हनात. आम्हीन दोन्ही हासत बाहेर निंघनूत." मग हळूच, "तो कसा शे, बघशी का?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मदिना निघाली. जळगाव, भुसावळ, फैजपूर करत सावद्याला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. केळीच्या गाड्यांच्या अड्ड्यावर तिनं जीवरामचं घर विचारलं. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं वाट दाखवली, पण सोबत आला नाही.

घरापुढं एक बाई केळीच्या पानांचे भारे बांधत होती. कपाळ मोकळं. जीवरामची बायको दिपमाला. मदिनानं आपण धुळ्याहून आलो, दवाखान्यात जीवरामच्या शेजारी बसलेल्या वनाच्या ओळखीच्या, एवढं सांगितलं. दिपमालानं पाणी आणून दिलं.

"कधी गेले?" मदिनानं विचारलं.

"दवाखान्यातून आले त्याच्या तिसऱ्या दिवशी. ट्रक भरता भरता. घड खांद्यावर होता, तसेच खाली बसले. लोकं म्हने ऊन लागलं."

"तपासणीचा कागद आहे का?"

तिनं आतून प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, आधारकार्ड, मृत्यूचा दाखला, आणि तो कागद. आकडा होता एकतीस.

मदिनानं मनातल्या मनात हिशेब केला. बासष्ट. वनापेक्षा जास्त. तिच्या मनात आलं, आता उठावं, पाणी प्याले, दुःखात सहभागी झाले, उठावं आणि जावं. या बाईला सांगून जीवराम परत येणार आहे का? मग तिला वना आठवला, छताकडे बघत पडलेला.

"दिपमालाताई," ती म्हणाली, "हा कागद खोटा आहे. डॉक्टरनं खोटं नाही लिहिलं. पण ज्या मापानं मोजलं ते माप चुकलेलं होतं. एकतीस नव्हते, बासष्ट होते. त्यांना घरी सोडायला नको होतं. ते माप आमच्या कंपनीत बनलं. मी माझ्या हातानं भरलं."

दिपमालानं कागद घेतला, आकड्यावर अंगठा घासला, जणू तो पुसला जाईल.

"म्हंजे त्याले खरंच दुखत होतं?"

"हो."

"तिसऱ्या दिवशी सकाळी म्हने, आज नाही जात, जीव घाबरते. मी म्हनलं, डाक्टरनं लिहून देलं नॉर्मल आहे, तुमाले कामाचा कंटाळा आहे. डबा हातात देला. मीच पाठवलं त्याले." तिचा आवाज चढला नाही. "काल परवापर्यंत मले वाटत होतं, त्याचा वखत भरला होता. आता कसं करू मी?"

मदिनानं हात पुढं केला, तो दिपमालानं घेतला नाही. पानांचे भारे तसेच टाकून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. परतीच्या एसटीत बसल्यावर मदिनाला वाटलं, आपण एका बाईला मारून आलो.

आठ दिवसांनी दिपमाला आमच्या गल्लीत आली. एकटीच, हातात तीच पिशवी. मदिनाच्या दारात उभी राहून म्हणाली, "अर्ज कुठं करायचा?" मदिना तिला घेऊन माझ्याकडे आली. दोघी माझ्या ओसरीवर बसल्या, मी लिहीत होतो. मदिनाच्या साक्षीत ती स्वतःला वाचवत नव्हती. मी एकदा म्हटलं, इतकं कशाला लिहायचं? ती म्हणाली, "सर, मी पाहिलं ते सगळं लिहा. फेसाचंही लिहा."

औषध खात्याकडे अर्ज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी नरडाण्याच्या गेटवर मदिनाला आत घेतलं नाही. हिनानं मात्र स्वतःच्या सहीचं निवेदन दिलं, वहीच्या पानाच्या नकलेसकट. नंतर ती माहेरी निघून गेली. परतली की नाही, कोणाला माहीत नाही. अधिकारी आले, शेडला सील लागलं, जळगावच्या कंपनीचीही चौकशी सुरू झाली. तारखा पडतात. दोन्हीकडचे वकील लेबलवरचं ते वाक्य वाचून दाखवतात आणि त्याचे वेगवेगळे अर्थ लावतात.

पण बातमी पसरली. भुसावळहून, दीपनगरहून, रावेरकडच्या खेड्यांतून लोक मदिनाकडे येऊ लागले. हातात कागद. काही आपले स्वतःचे, काही गेलेल्या माणसांचे. ती कागद हातात घेते, आधी कंपनीचं नाव बघते, मग तारीख, मग आकडा. दुप्पट करूनही चाळीसच्या आत राहिला तर सांगते, मग भाऊ, हे आमच्या चुकीनं नव्हतं. वर गेला आणि माणूस जिवंत असला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवते. असं पाठवल्यामुळे दोघांना वेळेत उपचार मिळाले. वर गेला आणि माणूस नसला तर ती गप्प बसते. लोकांना तेवढ्यावरून कळतं.

परवा चोपड्याकडची एक म्हातारी आली होती. मुलाचा कागद घेऊन. आकडा तेहतीस. मदिनानं तारीख पाहिली, पुन्हा पाहिली. डिसेंबरमधली होती. सत्तेचाळीस नंबरचा लॉट तेव्हा भरलाच नव्हता. त्याआधीच्या लॉटची ठेवणीतली कुपी सरकारी प्रयोगशाळेत मोजली होती, ती बरोबर निघाली होती.

"आजी, हा कागद आमच्या चुकीच्या आधीचा आहे," मदिना म्हणाली. "हा आकडा खरा आहे."

"मंग मना पोऱ्या कशाघाई गया?"

"ते मला सांगता येत नाही."

म्हातारी उठली नाही. तिनं कागद परत मदिनापुढं सरकवला. "पुन्हा देख, बाई," ती म्हणाली. मदिनानं चष्मा पुसला आणि कागद पुन्हा हातात घेतला.